फॅसिस्ट इटलीचे परराष्ट्र धोरण (१९२२ ते १९३९) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा काळ कुठून कुठपर्यंत धरायचा?

मुसोलिनी ऑक्टोबर १९२२ च्या अखेरीस पंतप्रधान झाला. १ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीने पोलंडवर हल्ला केला, तेव्हा इटली युद्धाबाहेर राहिली. या दोन घटनांमधली सतरा वर्षे इथे घेतली आहेत. इटली प्रत्यक्ष युद्धात उतरली ती १० जून १९४० ला, त्यामुळे तो भाग पुढचा.

पहिल्या महायुद्धात जिंकूनही इटली नाराज का होती?

एप्रिल १९१५ च्या लंडनच्या गुप्त तहात ब्रिटन, फ्रान्स आणि रशियाने इटलीला युद्धात उतरण्याची किंमत कबूल केली होती: ट्रेंटिनो, दक्षिण टिरोल, ट्रिएस्ट, इस्ट्रिया, डाल्मेशियाचा मोठा भाग आणि वसाहतींच्या वाटणीत ‘न्याय्य’ हिस्सा. उत्तरेकडची सरहद्द ब्रेनर खिंडीपर्यंत मिळाली, ट्रिएस्ट आणि इस्ट्रियाही मिळाले. डाल्मेशिया मात्र जवळजवळ सगळा नव्या युगोस्लाव्हियाकडे गेला आणि आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींपैकी इटलीच्या पदरी काहीच पडले नाही. कवी दानुन्झियोने याला ‘विच्छिन्न विजय’ म्हटले आणि सप्टेंबर १९१९ मध्ये सशस्त्र स्वयंसेवक घेऊन फ्यूमे बंदराचा ताबा घेतला.

फ्यूमे लंडनच्या तहात इटलीला देऊ केलेलेच नव्हते, ही गोष्ट बहुतेक पाठ्यपुस्तकांतून निसटते. ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य मोडल्यामुळे इटलीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शत्रू नाहीसा झाला होता. खरे तर तोच सर्वांत मोठा लाभ होता, पण मोर्चात त्याची घोषणा करता येत नव्हती.

धोरण ठरवत कोण होते?

शेवटचा शब्द मुसोलिनीचाच. १९२२ ते १९२९ आणि १९३२ ते १९३६ या काळात परराष्ट्र खाते त्याच्याकडेच होते. मधली तीन वर्षे दिनो ग्रांदी आणि जून १९३६ पासून मुसोलिनीचा जावई गालेआत्सो चिआनो परराष्ट्रमंत्री होता. पहिल्या तीन-चार वर्षांत जुन्या मुरब्बी मुत्सद्द्यांचा थोडाफार लगाम होता. त्यांचा म्होरक्या, खात्याचा महासचिव साल्वातोरे कोंतारिनी, १९२६ मध्ये बाहेर पडला आणि तो लगामही सुटला. राजा व्हिक्टर इमॅन्युएल तिसरा बहुतेक वेळा सही करून मोकळा होई.

कोर्फू प्रकरण नेमके काय होते?

ग्रीस आणि अल्बानिया यांची सीमा आखणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचा प्रमुख, इटालियन जनरल एन्रिको तेल्लिनी, २७ ऑगस्ट १९२३ रोजी आपल्या सहकाऱ्यांसह ग्रीक हद्दीत मारला गेला. मारेकरी कधीच सापडले नाहीत. दोनच दिवसांत मुसोलिनीने ग्रीसला निर्वाणीचा खलिता धाडला: माफी, इटालियन ध्वजाला सलामी, पाच दिवसांत चौकशी, दोषींना देहदंड आणि ५ कोटी लिरा भरपाई. अथेन्सने काही अटी मान्य केल्या, काही नाकारल्या. ३१ ऑगस्टला इटालियन युद्धनौकांनी कोर्फूच्या जुन्या किल्ल्यावर तोफा डागल्या. किल्ल्यात तेव्हा आशिया मायनरमधून आलेले निर्वासित राहत होते आणि मेले ते तेच.

ग्रीस राष्ट्रसंघाकडे, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झालेल्या, जिनिव्हात मुख्यालय असलेल्या देशांच्या संघटनेकडे गेला. मुसोलिनीने संघ सोडण्याची धमकी दिली आणि फ्रान्सने त्याला आडून साथ दिली, कारण त्याच वर्षी जर्मनीच्या रूहर या औद्योगिक प्रदेशाच्या आपण घेतलेल्या ताब्यावर संघात चर्चा व्हावी असे पॅरिसला वाटत नव्हते. प्रकरण महायुद्धातल्या विजेत्या मित्रराष्ट्रांच्या राजदूतांच्या परिषदेकडे वळवले गेले. ग्रीसने पूर्ण ५ कोटी लिरा भरले आणि २७ सप्टेंबरला इटलीने बेट सोडले. मुसोलिनीला बेट ठेवायचे होते, पण ब्रिटिश आरमारापुढे ते जमणारे नव्हते. लहान देशावर हात उगारला तर जिनिव्हा निमूट राहते आणि मोठे आरमार दिसले की थांबावे लागते, हे दोन्ही धडे त्याला एकाच महिन्यात मिळाले. बारा वर्षांनी त्याने पहिला धडा लक्षात ठेवला.

१९२० चे दशक शांततेचे होते असे म्हणतात. खरे आहे का?

कागदावर पाहिले तर आहे. जानेवारी १९२४ मध्ये युगोस्लाव्हियाशी करार करून फ्यूमे मिळवले, फेब्रुवारीत सोव्हिएत सरकारला मान्यता दिली, १९२५ मध्ये जर्मनीची पश्चिम सीमा कायम ठेवणाऱ्या लोकार्नो कराराला ब्रिटनबरोबर जामीन राहिली. ब्रिटनने केनियाला लागून असलेला जुबालँड दिला, तो इटालियन सोमालियाला जोडला गेला. अमेरिकेशी युद्धकर्जाची तडजोड होताच नोव्हेंबर १९२५ मध्ये मॉर्गन बँकेकडून १० कोटी डॉलरचे कर्ज मिळाले. ज्याला कर्ज हवे असते तो सभ्य वागतो.

पडद्याआड वेगळेच चालले होते. हंगेरीशी एप्रिल १९२७ मध्ये मैत्रीचा तह झाला आणि पुढच्या जानेवारीत ऑस्ट्रियाच्या सीमेवरील सेंट गोटहार्ड स्थानकात ‘यंत्रांचे भाग’ म्हणून चाललेल्या पाच वाघिणींत मशीनगनचे सुटे भाग सापडले. माल इटलीतून हंगेरीला निघाला होता आणि तहांनुसार हंगेरीला असा शस्त्रसाठा करायला बंदी होती. क्रोएशियातल्या उस्ताशा या दहशतवादी संघटनेला इटलीत आसरा आणि प्रशिक्षण मिळाले. ऑक्टोबर १९३४ मध्ये मार्सेल्सला युगोस्लाव्हियाचा राजा अलेक्झांडर याचा खून झाला. त्या कटामागे उस्ताशा होती, तरी तिचा नेता आंते पावेलिच याला इटलीने फ्रान्सच्या हवाली केले नाही.

लिबियाचा उल्लेख परराष्ट्र धोरणाच्या प्रकरणात बहुधा येत नाही, कारण ती ‘अंतर्गत’ वसाहत मानली जाई. पूर्वेकडच्या सायरेनैका भागातला उठाव मोडण्यासाठी बादोल्यो आणि ग्रात्सिआनी या सेनापतींनी १९३० पासून सुमारे एक लाख भटक्या, अर्धभटक्या लोकांना गुराढोरांसकट हाकलून काटेरी तारांच्या छावण्यांत कोंडले. इजिप्तच्या सीमेवर जवळपास २७० किलोमीटर तारेचे कुंपण घातले. उपासमारीने आणि रोगराईने हजारो माणसे मेली. सत्तरी ओलांडलेल्या ओमर अल-मुख्तारला १६ सप्टेंबर १९३१ रोजी सुलूकच्या छावणीत कैद्यांदेखत फाशी दिले. युरोपात कुणी निषेधाचा खलिता पाठवला नाही.

ग्रांदीचे ‘निर्णायक वजन’ म्हणजे काय?

इटली स्वतः पहिल्या प्रतीची सत्ता नव्हती. कोळसा जवळजवळ सगळा परदेशी, तेल जवळजवळ सगळे परदेशी, लोखंड अपुरे. (लिबियाच्या वाळूखाली तेल होते, पण मोठा साठा हाती लागला तो १९५९ मध्ये, इटली तिथून गेल्यावर.) अशा देशाने काय करावे? फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात तराजू जवळजवळ समतोल असेल, तर मधला माणूस ज्या पारड्यात बसेल ते पारडे खाली जाईल. मग बसण्यापूर्वी दोघांकडूनही किंमत मागायची. मुख्य म्हणजे, कायमचे कुठल्याच पारड्यात बसायचे नाही.

ही चाल चालायला दोन गोष्टी लागतात: जर्मनी उभा राहू पाहणारा पण अजून फार बलाढ्य नसलेला हवा आणि इटलीला दोन्ही दारे उघडी हवीत. १९३५-३६ मध्ये इथियोपियावर स्वारी करून इटलीने एक दार स्वतःच लावून घेतले. तिच्या पुढच्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

हिटलर सत्तेवर येताच दोघांची युती झाली ना?

नाही. जून १९३४ मध्ये व्हेनिसला दोघे पहिल्यांदा भेटले आणि मुसोलिनीवर हिटलरची छाप पडली नाही. पुढच्याच महिन्यात, २५ जुलैला, ऑस्ट्रियाचा चॅन्सलर डोलफुस याचा व्हिएन्नातल्या नाझींनी खून केला. त्याची बायको-मुले तेव्हा मुसोलिनीकडेच पाहुणी होती. मुसोलिनीने ब्रेनर सीमेकडे फौज हलवली आणि हिटलरने त्या कटाशी आपला संबंध नाकारला. मुसोलिनीचे गणित सरळ होते: ऑस्ट्रिया मधे आहे तोवर जर्मनी ब्रेनरवर येऊन उभा राहत नाही आणि दक्षिण टिरोलमधल्या दोन लाखांहून अधिक जर्मनभाषकांवर हक्क सांगत नाही. म्हणूनच त्याने मार्च १९३४ मध्ये ऑस्ट्रिया आणि हंगेरीबरोबर रोम मसुदे केले होते.

स्ट्रेसाची आघाडी दोन महिन्यांत का कोसळली?

११ ते १४ एप्रिल १९३५, इटलीतल्या माज्जोरे सरोवराकाठच्या स्ट्रेसा गावी इटली, ब्रिटन आणि फ्रान्स जर्मन शस्त्रसज्जतेविरुद्ध एकत्र आले. जाहीरनाम्यात शांततेला बाधा आणण्याविरुद्ध जे वाक्य होते, त्यात मुसोलिनीने ‘युरोपच्या’ हा शब्द घालून घेतला. म्हणजे आफ्रिका मोकळी. ब्रिटिश मंत्र्यांनी ते ऐकले आणि इथियोपियाचा विषयच काढला नाही. त्या मौनाचा अर्थ मुसोलिनीने होकार असा घेतला. १८ जूनला ब्रिटनने फ्रान्स-इटलीला न विचारता जर्मनीशी नाविक करार करून त्याला ब्रिटिश आरमाराच्या ३५ टक्के नौका बांधायची मुभा दिली. एकमेकांवरचा विश्वास तिथेच संपला.

इथियोपियावर हल्ला १९३५ मध्येच का?

जुनी जखम होतीच: १ मार्च १८९६ ला आडवा येथे सम्राट मेनेलिकच्या सैन्याने इटालियन फौजेचा धुव्वा उडवला होता. पण एवढ्यावरून तारीख ठरत नाही. १९२३ मध्ये इथियोपिया राष्ट्रसंघात आली तेव्हा इटलीने पाठिंबाच दिला होता आणि १९२८ मध्ये वीस वर्षांचा मैत्री तहही केला होता.

तारीख ठरली ती घड्याळाकडे पाहून. ५ डिसेंबर १९३४ रोजी ओगादेनमधल्या वाल वाल या पाणवठ्यावर चकमक झाली. जागा इथियोपियाच्या हद्दीत बरीच आत होती, तरी इटलीने माफी आणि भरपाई मागितली. ३० डिसेंबरला मुसोलिनीने गुप्त आदेशात संपूर्ण विजय हे उद्दिष्ट लिहून ठेवले. जर्मनी शस्त्रसज्ज होण्याआधी आफ्रिकेतले काम उरकायचे आणि फौज ब्रेनरवर परत आणायची, असा हिशेब होता. ७ जानेवारी १९३५ ला फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री लावाल याने रोममध्ये लिबियाच्या दक्षिणेची वाळवंटी पट्टी, जिबूतीकडचा किनाऱ्याचा छोटा तुकडा आणि आदिस अबाबा रेल्वेचे काही शेअर दिले. शिवाय इथियोपियात ‘मोकळा हात’ही दिला. तो फक्त आर्थिक बाबतीत होता असे लावाल नंतर म्हणत राहिला. मुसोलिनीने तो पुरा धरला.

पावसाळा संपताच, ३ ऑक्टोबर १९३५ ला, सेनापती दे बोनोच्या हाताखाली फौजा एरिट्रियातून आत शिरल्या. त्याची चाल मंद वाटली म्हणून नोव्हेंबरात बादोल्यो आला. ३१ मार्च १९३६ ला मायचेव येथे सम्राट हैले सेलासीचा निर्णायक पराभव झाला, ५ मे रोजी आदिस अबाबा पडले आणि ९ मे रोजी रोममध्ये साम्राज्याची घोषणा झाली.

राष्ट्रसंघाचे निर्बंध फसले कसे?

पन्नास देशांनी निर्बंध मान्य केले, ही संघाच्या इतिहासातली मोठी गोष्ट होती. ते १८ नोव्हेंबर १९३५ पासून लागू झाले. शस्त्रे बंद, कर्ज बंद, इटालियन माल घेणे बंद आणि काही वस्तूंची निर्यात बंद. खोट या शेवटच्या यादीत होती. तिच्यात रबर, कथील, निकेल, मॅंगेनीज होते, ओझ्याची जनावरेही होती. ॲल्युमिनियमही होते, आणि ते इटली स्वतःच पुरेसे बनवत होती. तेल, कोळसा, पोलाद मात्र नव्हते.

तेल का नाही? अमेरिका संघाबाहेर होती, तिचे तेल आले असते तर बंदी पोकळ ठरली असती, हे एक कारण. दुसरे, तेल तोडले तर मुसोलिनी युद्ध पुकारेल आणि भूमध्य समुद्रात ब्रिटिश आरमाराला एकट्यालाच लढावे लागेल, ही भीती. तेलबंदीने आपल्याला आठवड्यात माघार घ्यावी लागली असती, असे मुसोलिनीने पुढे हिटलरला सांगितल्याचे जर्मन दुभाष्याने नोंदवले आहे.

सुएझ कालवाही उघडाच राहिला. १८८८ च्या करारानुसार तो युद्धकाळातही सर्वांना खुला ठेवायचा होता. ते कायदेशीर कारण झाले, आणि कालवा कंपनीने इटालियन वाहतूक जहाजांकडून जकात नियमाने वसूल केली. ऑस्ट्रिया, हंगेरी आणि अल्बानियाने निर्बंध नाकारले. जर्मनी संघातच नव्हता.

डिसेंबरात ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री होर आणि फ्रान्सचा लावाल यांनी इथियोपियाचा मोठा लचका इटलीला देणारी योजना आखली. ती फ्रेंच वृत्तपत्रांत फुटली, होरला राजीनामा द्यावा लागला आणि तेलबंदीचा विषय भिजत घोंगडे होऊन पडला. इकडे इटलीत निर्बंधांचा उलटा परिणाम झाला. १८ डिसेंबरला राणीसकट लाखो स्त्रियांनी लग्नाच्या सोन्याच्या अंगठ्या देशाला दिल्या. राजवटीला एवढा पाठिंबा पुन्हा कधी लाभला नाही. जुलै १९३६ मध्ये निर्बंध उठले.

विषारी वायू वापरला हे सिद्ध आहे का?

हो. डिसेंबर १९३५ पासून विमानांतून मस्टर्ड वायूचे बॉम्ब आणि फवारे सैनिकांवर, गावांवर, पाण्याच्या जागांवर सोडले गेले. रेड क्रॉसच्या रुग्णालयांवरही बॉम्ब पडले. वायूबंदीच्या १९२५ च्या जिनिव्हा मसुद्याला इटलीने १९२८ मध्ये मंजुरी दिलेली होती. रोमने दशकानुदशके हे नाकारले आणि १९९६ मध्ये इटलीच्या संरक्षण मंत्रालयाने अधिकृत कबुली दिली. ताब्यानंतरही हिंसा थांबली नाही: १९ फेब्रुवारी १९३७ ला आता इथियोपियात व्हाइसरॉय असलेल्या ग्रात्सिआनीवर हातबॉम्ब फेकले गेल्यावर आदिस अबाबात तीन दिवस कत्तल झाली आणि मे महिन्यात देब्रे लिबानोस मठातले भिक्षू आणि यात्रेकरू गोळ्या घालून मारले गेले.

स्पेनमध्ये इटलीने काय मिळवले?

थोडक्यात, खर्च. १९३६ ते १९३९ च्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाविरुद्ध बंड करणाऱ्या जनरल फ्रँकोच्या बाजूने सगळी वर्षे मिळून सत्तर हजारांहून अधिक इटालियन लढले, सुमारे चार हजार मेले. मार्च १९३७ मध्ये ग्वादालाहाराला चिखल, पाऊस आणि प्रजासत्ताकाची विमाने यांनी त्यांचा मोटारींचा काफिला रस्त्यावरच झोडपला. समोर लढणाऱ्यांत इटालियन फॅसिस्टविरोधकही होते. एक पराभव झाल्यावर जिंकल्याशिवाय परतणे नामुष्कीचे झाले आणि गुंतवणूक वाढत गेली. माजोर्का बेटावरून उडणाऱ्या इटालियन विमानांनी मार्च १९३८ मध्ये बार्सिलोनावर सलग बॉम्बफेक केली. गेलेल्या तोफा, विमाने, गाड्या भरून निघाल्या नव्हत्या, तोच युरोपीय युद्ध आले.

रोम-बर्लिन ‘अक्ष’ हा तह होता का?

नव्हता. ऑक्टोबर १९३६ मध्ये चिआनोने जर्मनीत एका गुप्त मसुद्यावर सही केली आणि १ नोव्हेंबरला मिलानच्या सभेत मुसोलिनीने ‘अक्ष’ हा शब्द वापरला. लष्करी बांधिलकी काहीच नव्हती. खरी किंमत मार्च १९३८ मध्ये चुकवली गेली: हिटलरने ऑस्ट्रिया गिळली आणि या वेळी ब्रेनरवर एकही तुकडी हलली नाही. तरीही ब्रिटनशी बोलणे चालूच होते. जानेवारी १९३७ आणि एप्रिल १९३८ मध्ये करार झाले. तळ्यात-मळ्यात चालले होते, फक्त मळा आता जर्मनीचा होता.

अल्बानिया आधीच मांडलिक होती, मग १९३९ मध्ये स्वारी कशासाठी?

प्रश्न रास्त आहे. १९२५ पासून तिची राष्ट्रीय बँक रोममधून चाले, ५ कोटी सुवर्ण फ्रँकचे कर्ज इटलीचे होते, १९२६ आणि १९२७ च्या तिराना तहांनी संरक्षणही इटलीकडे होते. पण राजा झोगू १९३० नंतर हातातून निसटू लागला. मार्च १९३९ मध्ये हिटलरने मुसोलिनीला न कळवता प्राग घेतले आणि रोमला आपलेही काही दाखवणे भाग पडले. ७ एप्रिलला, गुड फ्रायडेच्या दिवशी, चार बंदरांवर फौजा उतरल्या. दळणवळण इतके ढिसाळ होते की प्रतिकार कडवा असता तर फजिती झाली असती. झोगू दोन दिवसांच्या मुलाला घेऊन ग्रीसला पळाला.

पोलादी करार करूनही इटली सप्टेंबर १९३९ मध्ये बाहेर कशी राहिली?

जर्मनीशी २२ मे १९३९ ला झालेल्या या लष्करी करारातले तिसरे कलम असे होते की एक देश युद्धात पडला, तर दुसऱ्याने सर्व बळानिशी साथ द्यायची. युद्ध कुणी सुरू केले याची अट नव्हती. मसुदा जर्मनांचा होता आणि चिआनोने तो जवळजवळ तसाच स्वीकारला. आठवड्याभरात जाग आली: ३० मेच्या टिपणात मुसोलिनीने हिटलरला कळवले की १९४२ संपेपर्यंत इटलीला शांतता हवी. हे करारात लिहून घेतले असते, तर टिपणाची वेळच आली नसती.

ऑगस्टच्या मध्याला साल्झबुर्गला चिआनोला कळले की पोलंडवर हल्ला ठरलेला आहे. २६ ऑगस्टला रोमने मागणीपत्र पाठवले: ६० लाख टन कोळसा, ७० लाख टन तेल, २० लाख टन पोलाद, ६०० टन मॉलिब्डेनम, १५० विमानविरोधी तोफखाने. यादीतल्या इतर मालासह एकूण वजन सुमारे १ कोटी ७० लाख टन. बर्लिनमधला इटालियन राजदूत आत्तोलिको याने हे सगळे युद्ध सुरू होण्याआधीच हवे, अशी पुस्ती आपल्या मनाने जोडली. हिटलरने सुटका दिली आणि इटलीने ‘अ-युद्धमान’ अशी नवीच अवस्था जाहीर केली. तटस्थ म्हणवून घेणे मुसोलिनीला कमीपणाचे वाटत होते.

एकूण योजना होती, की वेळ येईल तसे वागणे?

इतिहासकारांत यावर जुना वाद आहे. आमच्या मते उद्दिष्टे स्थिर होती, साधने संधीसाधू. ४ फेब्रुवारी १९३९ ला मुसोलिनीने फॅसिस्ट महामंडळापुढे (राजवटीच्या सर्वोच्च सभेपुढे) सांगितले की इटली भूमध्य समुद्रात कैदी आहे: कॉर्सिका, ट्युनिशिया, माल्टा, सायप्रस हे गज आणि जिब्राल्टर, सुएझ हे पहारेकरी. हे गज ब्रिटन-फ्रान्सच्या हातात होते, म्हणजे शेवटी त्यांच्याशीच गाठ पडणार होती. मात्र केव्हा आणि कुणाच्या बळावर, हे दर वर्षी बदलत होते.

भारताशी, महाराष्ट्राशी काही संबंध आला का?

आला, पण मर्यादित. ब्रिटिश अमलाखालच्या लोकांत आपले नाव व्हावे हा रोमचा हेतू होता. पहिल्या गोलमेज परिषदेनंतर नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे रोमला गेले, मुलांच्या बालिल्ला संघटनेचे शिक्षण पाहिले आणि १९ मार्च १९३१ ला मुसोलिनीला भेटले. याची सविस्तर नोंद त्यांच्या दैनंदिनीत आहे. नाशिकची भोंसला सैनिकी शाळा त्यांनी १९३७ मध्ये सुरू केली. महात्मा गांधी डिसेंबर १९३१ मध्ये दुसऱ्या गोलमेजहून परतताना मुसोलिनीला भेटले आणि ब्रिंडिसीहून मुंबईला आले तेही ‘पिल्स्ना’ या इटालियन बोटीने. जवाहरलाल नेहरूंनी मात्र मार्च १९३६ मध्ये, इथियोपियाचे युद्ध चालू असताना, रोममध्ये असूनही भेट नाकारली.

परीक्षेत नेहमी होणाऱ्या गल्लती कोणत्या?

इटलीने राष्ट्रसंघ ११ डिसेंबर १९३७ ला सोडला, इथियोपियाच्या युद्धात नव्हे. कोमिंटर्नविरोधी (मॉस्कोच्या कम्युनिस्ट आंतरराष्ट्रीय संघटनेविरुद्धचा) करार मूळ जर्मनी-जपानचा (नोव्हेंबर १९३६). इटली त्यात वर्षभराने आली. रापालोचे तह दोन आहेत: १९२० चा इटली-युगोस्लाव्हियाचा आणि १९२२ चा जर्मनी-सोव्हिएतचा. जानेवारी १९२४ चा रोम तह फ्यूमेचा, जानेवारी १९३५ चा रोम करार लावालचा. पोलादी करार दोघांचा (१९३९), त्रिपक्षीय करार जपानसह तिघांचा (सप्टेंबर १९४०). आणि सोमालीलँड तीन होते: इटालियन, ब्रिटिश, फ्रेंच. नकाशा भरताना वाल वाल यांपैकी कुठल्याच रंगात दाखवू नका. ते इथियोपियात येते.